फुलकोबी प्रवाळ आणि काचेतला समुद्र



प्राणीसंघांच्या पाठात सिलेंटराटा (निडारिया) संघाची उदाहरणं पाठ करताना आपण एका दमात म्हणतो : जलव्याल, समुद्रफूल, जेलीफिश, प्रवाळ. द्विस्तरी, अरीय सममिती, शुंडकांवर दंशपेशी. झालं, दोन गुण मिळाले! पण त्यातला 'प्रवाळ' हा शब्द जरा थांबून बघायला हवा. हा प्राणी दगड बनवतो. सूर्यप्रकाशावर जगतो. आणि पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापलं तर काही आठवड्यांत पांढरा पडतो.

आज आपण एकाच जातीचा अभ्यास करणार आहोत. तिचं शास्त्रीय नाव पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस. फांद्यांचा गुच्छ फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून आपण तिला फुलकोबी प्रवाळ म्हणू. ही जात जगभरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत आणि प्रयोगशाळांत वाढवली जाते. ती काचेच्या टाकीत कशी जगते हे समजून घेतलं की समुद्रात ती का मरते हेही आपोआप समजतं. लेख थोडा मोठा आहे, वही-पेन घेऊन बसा. मधे एक गणितही आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

वर्गात प्रवाळ म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे आईच्या अंगठीतलं पोवळं का?" उत्तर आहे, नाही. अंगठीतलं लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम रुब्रम या जातीपासून मिळतं. त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठ शुंडकं असतात. आपण ज्याचा अभ्यास करतोय ते पाषाण प्रवाळ. त्याची शुंडकं सहाच्या पटीत असतात. दोघे नातेवाईक खरे, पण चुलत घराण्यातले. लाल पोवळं खोल, अंधाऱ्या जागी वाढतं आणि प्रवाळभित्ती बांधत नाही. भित्ती बांधतात ते पाषाण प्रवाळ.

ओळख

या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ साली केलं. पूर्व आफ्रिका आणि तांबड्या समुद्रापासून थेट अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत ती आढळते. भारतात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारचं आखात इथे तिची नोंद आहे.

जवळून पाहिलं तर फांद्यांवर चामखिळीसारखे बारीक उंचवटे दिसतात. पोसिलोपोरा ओळखण्याची ही मुख्य खूण. प्रत्येक पॉलिप जेमतेम एक मिलिमीटरचा. मूठभर गुच्छात असे हजारो पॉलिप असतात आणि सगळे एकमेकांना पातळ ऊतीने जोडलेले असतात. म्हणजे आपण ज्याला 'एक प्रवाळ' म्हणतो ती खरं तर एक वसाहत असते. रंग तपकिरी, गुलाबी किंवा हिरवट.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की जुन्या पुस्तकांत 'डॅमिकॉर्निस' म्हणून नोंदवलेल्या कित्येक वसाहती प्रत्यक्षात पोसिलोपोरा अक्यूटा या जवळच्या जातीच्या आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण जाती वेगळ्या. बाह्यरूपावरून केलेलं वर्गीकरण कुठे कमी पडतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. परीक्षेत उपयोगी पडेल.

एका शरीरात दोन जीव

प्रवाळाच्या पेशींच्या आत अतिसूक्ष्म, एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेलं बरंचसं अन्न यजमानाला देतात. प्रवाळाची बहुतांश ऊर्जेची गरज अशी भागते. बदल्यात शैवालांना राहायला सुरक्षित जागा मिळते, शिवाय प्रवाळाने टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त पदार्थही मिळतात. पाठ्यपुस्तकातलं 'सहजीवन' ते हेच.

रात्री मात्र पॉलिप शुंडकं पसरून प्राणिप्लवक पकडतात. म्हणजे दिवसा शेती आणि रात्री मासेमारी, असा हा कोकणी संसार आहे!

या संसारात तिसराही भाडेकरू असतो. फांद्यांच्या बेचक्यांत ट्रॅपेझिया नावाचे छोटे खेकडे राहतात. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला की ते त्याच्या पायांना चिमटे काढून पिटाळतात. फांद्यांवर साचलेला गाळही साफ करतात. मत्स्यालयात वसाहतीबरोबर असा खेकडा आला तर अनुभवी लोक त्याला काढून टाकत नाहीत.

दगड कसा तयार होतो?

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं, साधारण ४१० मिलिग्रॅम प्रतिकिलो. बायकार्बोनेटही असतं. प्रवाळ आपल्या तळाच्या ऊतीखाली या दोघांपासून कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक तयार करतो. स्फटिकाचा हा प्रकार म्हणजे अ‍ॅरागोनाइट. वसाहत वाढते तसा खालचा दगड वाढत जातो, पण जिवंत भाग असतो तो फक्त वरचा पातळ थर. घराला रंग दिल्यावर भिंतीवर रंगाचा थर असतो ना, तसा. फरक एवढाच की इथे रंगच भिंत बांधतो.

आता मुद्द्यावर येऊ. समुद्र अफाट असल्यामुळे प्रवाळाने कितीही कॅल्शियम वापरलं तरी त्याला कमी पडत नाही. टाकीत १०० लिटर पाणी असेल तर मात्र ते संपतं. म्हणून काचेतला समुद्र रोज मोजावा लागतो.

टाकीतला समुद्र : सहा गोष्टी

१. पाणी आणि मीठ. नळाचं पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन, फॉस्फेट, कधी तांबंही असतं. तांबं माशांच्या काही औषधांत वापरतात, पण प्रवाळासाठी आणि कोळंबीसाठी ते विष आहे. म्हणून आधी आरओ आणि मग आयन काढून टाकणारी गाळणी लावून जवळजवळ शुद्ध पाणी घेतात. त्यात समुद्री क्षारांचं मिश्रण घालून क्षारता ३५ ला आणतात, म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. ते जवळपास फक्त सोडियम क्लोराइड असतं, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळणार कुठून?

२. जिवाणूंची फौज. नव्या टाकीत लगेच प्रवाळ सोडला तर तो मरतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नववी-दहावीत वाचलेलं नायट्रोजन चक्र ते हेच! ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. प्रवाळासाठी तर आणखी काही महिने थांबणं शहाणपणाचं. १९८० च्या दशकात बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी एक पद्धत रूढ केली. समुद्रातले सच्छिद्र, जिवाणूंनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे आणि फेस तयार करून सेंद्रिय घाण बाहेर काढणारं यंत्र (स्किमर) लावायचं. 'बर्लिन पद्धत' म्हणून ती आजही ओळखली जाते.

३. तापमान. २४ ते २७ अंश सेल्सिअस. बर्लिनमध्ये यासाठी हीटर लागतो. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्यात उलटं, पाणी गार करणारा चिलर लागेल, आणि दुपारी चार तास वीज गेली तर काय, याची सोय आधीच करावी लागेल. पंप बंद पडला की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि तापमान वाढू लागतं. दोन्ही संकटं एकदमच येतात.

४. प्रकाश. शैवालांना प्रकाश हवा, म्हणून तेजस्वी दिवे रोज आठ ते दहा तास लावतात. पण नवीन वसाहत आणून थेट दिव्याखाली ठेवली तर ती पांढरी पडू शकते. आधी खालच्या बाजूला ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणतात. अंधाऱ्या खोलीतून एकदम उन्हात आल्यावर आपले डोळे दिपतात, तसाच काहीसा प्रकार.

५. प्रवाह. पाणी जोरात आणि दिशा बदलत वाहिलं पाहिजे. प्रवाहामुळे अन्न आणि वायू पॉलिपपर्यंत पोचतात, गाळ बसत नाही. मात्र पंपाचा झोत एकाच जागी सतत मारला तर ऊती सोलवटते.

६. स्थिर रसायन. हौशी लोक साधारण हे आकडे सांभाळतात :

- क्षारता : ३५
- पीएच : ८.० ते ८.४
- अल्कलिनिटी : ७ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम : ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रतिलिटर
- मॅग्नेशियम : १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर
- नायट्रेट : २ ते १० मिलिग्रॅम प्रतिलिटर
- फॉस्फेट : ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर
- अमोनिया, नायट्राइट : शून्य

(अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे असते. डीकेएच हे ती मोजण्याचं जर्मन एकक.)

नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्य केले तर शैवालांची उपासमार होते, जास्त झाले तर नको असलेलं शेवाळ टाकीभर पसरतं. थोडक्यात, आकडा आदर्श असण्यापेक्षा तो रोज तोच राहणं जास्त महत्त्वाचं.

आता गणित

समजा टाकीत १०० लिटर पाणी आहे. सोमवारी अल्कलिनिटी ८.४ डीकेएच होती. बुधवारी त्याच वेळी मोजली तर ७.० भरली. प्रवाळाने किती दगड बांधला?

फरक = १.४ डीकेएच.
२.८ डीकेएच म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर, म्हणून १.४ डीकेएच = ०.५.
१०० लिटरसाठी = ५० मिलिइक्विव्हॅलंट.

कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू बनताना अल्कलिनिटीचे दोन भाग खर्च होतात. म्हणून तयार झालं २५ मिलिमोल कॅल्शियम कार्बोनेट. त्याचं रेणुवस्तुमान १००. म्हणजे २५ × १०० = २५०० मिलिग्रॅम, म्हणजेच २.५ ग्रॅम दगड, दोन दिवसांत!

यात कॅल्शियम किती गेलं? २५ × ४० = १००० मिलिग्रॅम. १०० लिटरमध्ये वाटलं तर फक्त १० मिलिग्रॅम प्रतिलिटर.

इथे थांबा आणि विचार करा. कॅल्शियम ४२० वरून ४१० झालं, म्हणजे जेमतेम अडीच टक्के घट. घरगुती चाचणीत ही घट दिसणारही नाही. अल्कलिनिटी मात्र ८.४ वरून ७.० झाली, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के घट. म्हणूनच जाणकार माणूस रोज कॅल्शियम नाही, अल्कलिनिटी मोजतो. कोणतं माप लवकर बोलतं हे ओळखणं, हा विज्ञानातला फार मोठा धडा आहे.

भरपाई कशी करायची? खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, रेणुवस्तुमान ८४. ५० × ८४ = ४२०० मिलिग्रॅम, म्हणजे ४.२ ग्रॅम. दोन दिवसांचा खर्च असल्यामुळे रोजचा डोस २.१ ग्रॅम. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड वेगळं द्यावं लागतं. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतले तर पांढरा चुरा खाली बसतो आणि कष्ट वाया जातात. आणि बरं का, बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. ही चूक टाकीला महाग पडते.

पाणी उडून जातं, मीठ नाही

नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक ही. टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने कमी होतं, मग मनुष्य त्यात खारं पाणी ओततो. पण उडून गेलं ते फक्त गोडं पाणी, मीठ तिथेच राहिलं! १०० लिटरमधून रोज २ लिटर पाणी उडालं तर तीन दिवसांनी ९४ लिटर उरेल आणि क्षारता ३५ वरून साधारण ३७ वर जाईल. भरपाई नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने करायची.

क्षारता वाढतच राहिली तर हा प्रवाळ एक चमत्कारिक गोष्ट करतो. त्याचे पॉलिप दगडी घर सोडून एकेकटे बाहेर पडतात. घराला आग लागल्यावर माणसं जीव घेऊन पळतात ना, तसं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचाच उपयोग करून घेतला. त्यांनी पाणी हळूहळू आटू दिलं, बाहेर पडलेले पॉलिप अतिसूक्ष्म नळ्यांच्या एका चिपवर बसवले आणि जिवंत प्रवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. जी चूक टाकीत वसाहत संपवते, तीच प्रयोगशाळेत हत्यार झाली.

तुकड्यातून वसाहत

फुलकोबी प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्या दगडावर चिकटवली की ती नवी वसाहत म्हणून वाढू लागते, जास्वंदाची फांदी लावावी तशी. हौशी लोक असे तुकडे एकमेकांना देतात. त्यामुळे समुद्रातून नवीन प्रवाळ तोडण्याची गरज कमी होते. होनोलुलूचं वाइकिकी मत्स्यालय प्रवाळ वाढवण्याच्या कामात कित्येक वर्षं अग्रेसर आहे. आणि गंमत म्हणजे हवाईतही समुद्रातून पाषाण प्रवाळ तोडायला कायद्याने बंदी आहे.

ही जात पिल्लांनाही जन्म देते. वसाहतीच्या पोटात वाढलेल्या अळ्या चंद्राच्या कलांप्रमाणे ठरावीक काळाने बाहेर पडतात. निघताना प्रत्येक अळी आईकडून शैवालांची शिदोरी बरोबर घेऊन निघते, त्यामुळे ती बरेच दिवस तरंगत राहून दूरवर पोचू शकते.

पांढरा रंग म्हणजे धोक्याचा घंटानाद

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र फक्त एक अंशाने जास्त तापला आणि तसाच काही आठवडे राहिला, तर प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं गमावतो. ऊती पारदर्शक असल्याने खालचा पांढरा दगड दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळेत गार झालं तर शैवालं परत येतात. नाही झालं तर मात्र खेळ खलास.

पोसिलोपोरा या बाबतीत नाजूकच. १९८२-८३ च्या एल निनोमध्ये पनामा आणि गालापागोसच्या किनाऱ्यांवर या प्रवाळांची प्रचंड हानी झाली. त्यानंतर १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुढे, असे जागतिक विरंजनाचे मोठे टप्पे येऊन गेले. १९९८ मध्ये लक्षद्वीपलाही जबर फटका बसला.

टाकीत चिलर लावता येतो. समुद्राला चिलर लावता येत नाही.

मग आपण घरी पाळावा का?

इथपर्यंत वाचून कुणाला टाकी घ्यायची इच्छा झाली असेल, म्हणून स्पष्टच सांगतो. भारतात सर्व पाषाण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघ आणि प्रवाळ एकाच रांगेत. तोडणं, विकणं, विकत घेणं, जिवंत असो वा वाळलेला, गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही 'साइट्स' कराराच्या परिशिष्ट २ चं नियंत्रण आहे. दुकानदार "काही होत नाही हो, सगळे घेतात" असं म्हणाला तरी घेऊ नका. परदेशात राहणाऱ्या आपल्या वाचकांनीही टाकीत वाढवलेला, कागदपत्रं असलेला तुकडाच घ्यावा.

आपला प्रवाळ आपल्या किनाऱ्यावर आहेच. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाषाण प्रवाळ वाढतात. या भागाला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याहून दूर, भर समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, तिथेही प्रवाळ आहेत. मालवणला सहलीला गेलात आणि स्नॉर्कलिंग केलंत, तर तीन गोष्टी पाळा : प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, आठवण म्हणून तुकडा आणू नका. वर्षाला काही सेंटीमीटर वाढणारी फांदी आपल्या एका पावलाने मोडते. आता तुम्हाला गणित माहीत आहे. ते अडीच ग्रॅम कसे जमतात, हे ज्याने मांडून पाहिलं तो त्यावर पाय ठेवणार नाही, असा माझा विश्वास आहे.

घरी करून बघा

१. अंड्याच्या कवचाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतील. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेच जे प्रवाळ बांधतो. पाणी जास्त आम्लधर्मी झालं तर दगड बांधणं का अवघड होतं, हे समजेल. (समुद्राचं पाणी व्हिनेगर होत नाही, पण दिशा तीच.)

२. एका पसरट भांड्यात एक लिटर पाणी आणि ३५ ग्रॅम मीठ घ्या. पातळीवर खूण करा. रोज किती पाणी कमी झालं ते मोजा आणि क्षारता किती झाली ते काढा.

स्वाध्याय

१. अंगठीतलं पोवळं आणि पाषाण प्रवाळ यांतील दोन फरक लिहा.
२. २०० लिटरच्या टाकीत एका दिवसात अल्कलिनिटी ०.७ डीकेएचने घटली. किती ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं? किती ग्रॅम सोडा लागेल? (उत्तर : २.५ ग्रॅम, ४.२ ग्रॅम)
३. विरंजन झालेला प्रवाळ मेलेला असतो का? कारण द्या.
४. बाष्पीभवनाची भरपाई खाऱ्या पाण्याने का करू नये?
५. चर्चा करा : टाकीत प्रवाळ वाढवण्याने समुद्रातल्या प्रवाळाचं रक्षण होतं की नुकसान?

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. दोन्ही बाजूंनी लिहून बघा आणि वर्गात वाचून दाखवा.